गडगडणारा प्राणी आणि आपलें खवले मांजर

श्रोतेहो, अंगावर चिलखत, आहार पाल्याचा, आणि चालण्याऐवजीं चाकासारखें गडगडत जाणें, असा एखादा प्राणी मुलांच्या कल्पनेंत सहज उभा राहतो. सृष्टींत मात्र तो सांपडत नाहीं. आणि थोडा विचार केला म्हणजे कारणही कळतें. पाला खाणारास दिवसाचा मोठा भाग चरण्यांत घालवावा लागतो. गोळा झाला कीं तोंड आंत गेलें. मग चरावें कसें? शिवाय उतार संपला म्हणजे गाडें थांबलेंच!

पाला खाणारे अवाढव्य प्राणी आमच्या वरोऱ्याकडे होऊन गेले खरे. जवळच्या पिसदुरा गांवीं त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सांपडतात. त्यांत गवताच्या पेशींतील गारेचे सूक्ष्म कण मिळाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि डायनोसॉरांच्या काळींही गवत उगवत होतें हें कळून आलें.

चिलखत आणि गोळा हे दोन गुण आपल्याकडे ज्याच्या ठायीं आहेत, तें खवले मांजर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतही त्याचा वास आहे. नांव मांजर, पण तें मांजर नव्हे. आहार मुंग्या व वाळवी. तोंडांत दांत एकही नाहीं, लांब चिकट जीभ हेंच त्याचें हत्यार. खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे. चालतें तें पायांनींच, पुढच्या पंजांचीं नखें आंत दुमडून. संकट आलें म्हणजे डोकें पोटाशीं घेऊन वरून शेपटीचें वेष्टण घालतें. पिलूं असलें तर तेंही त्या वेष्टणांत. बिबट्याचे दांतही तेथें सहसा चालत नाहींत.

परंतु ज्या युक्तीनें तें बिबट्यापासून वांचतें, त्याच युक्तीनें माणसाच्या हातीं लागतें. तें पळत नाहीं, चावत नाहीं. गोळा उचलावा आणि पोत्यांत टाकावा! खवल्यांत औषधी गुण आहेत या समजुतीपायीं हा चोरटा व्यापार चालतो. तसें असेल तर या लोकांनीं स्वतःचीं नखेंच कां चघळूं नयेत? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत हा प्राणी आहे. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत खवले मांजराच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी ठरली. मादीला एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें. तेव्हां पोत्यांत गेलेलें एक जनावर भरून निघण्यास किती काळ लागतो, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

शेतांत वा वाटेवर असा गोळा दिसला तर हात लावूं नये, गर्दी जमवूं नये, आणि जवळच्या वनकर्मचाऱ्यास कळवावें. माणसें दूर झालीं कीं तें हळूहळू उलगडतें आणि काळोखांत आपल्या वाटेनें निघून जातें.