संथ रिंगणातील उपासना

ज्यू परंपरेत नृत्य आणि उपासना यांचे नाते जुने आहे. परंतु ते सरळ नाही. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला, अशी कथा बायबलमध्ये आहे. स्तोत्रसंहितेतील अखेरची दोन स्तोत्रे नृत्याने ईश्वराची स्तुती करावयास सांगतात. उलट, मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहाने शब्बाथ व सणांच्या दिवशी नाचण्यास मनाई केली. तालमूदने दिलेले कारण मोठे व्यवहारी आहे: नाचण्याच्या भरात कोणी वाद्य दुरुस्त करू लागला, तर विश्रांतीचा दिवस मोडेल. तरीही ‘सिम्हात तोरा’च्या सणाला धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हाती घेऊन सात फेरे घालण्याची रीत रूढ झाली. पुढे अठराव्या शतकात पूर्व युरोपातील हसिदी पंथाने नृत्याला प्रार्थनेचेच स्थान दिले.

विसाव्या शतकातील इस्रायली लोकनृत्याची चळवळ मात्र मुख्यतः शेतवसाहतींत वाढली. १९४४ मध्ये दालिया येथे तिचा पहिला मोठा मेळावा भरला. याच चळवळीतून १९५० नंतरच्या दशकात राया स्पिवाक यांनी ‘मा नावू’ हे संथ रिंगणनृत्य रचले. त्याचे शब्द यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील बावन्नाव्या अध्यायातून घेतले आहेत. शांतीची वार्ता घेऊन डोंगरावरून येणाऱ्याच्या पावलांचा गौरव हा त्यांचा विषय. पावलांविषयीचे वचन पावलांनीच म्हणावे, ही कल्पना किती उचित आहे!

हे नृत्य शिकणारा प्रथम म्हणतो, “यात कठीण ते काय?” सर्वांनी हात धरून मध्याकडे तोंड करायचे. उजवा चवडा पुढे टेकवायचा, मग बाजूला. नंतर तोच पाय मागे टाकायचा, डावा त्याच्याशी जुळवायचा आणि उजवा पुन्हा पुढे. मग हेच डाव्या पायाने. यानंतर येते ते येमेनी पाऊल, येमेनमधील ज्यूंच्या नृत्यपरंपरेतून आलेले: पाय बाजूला, दुसरा किंचित मागे, पहिला आडवा पुढे, आणि चौथी मात्रा रिकामी.

या रिकाम्या मात्रेतच शिकणाऱ्याची कसोटी लागते. वेगाच्या नाचात चूक झाकली जाते. येथे ती उघडी पडते. उतावळा मनुष्य मात्रा संपण्याआधीच पाऊल उचलतो आणि शेजाऱ्याचा हात ओढला जातो. मोठ्याने मोजल्याने हे साधत नाही. दोन्ही बाजूंच्या हातांतून येणारा डोल ओळखावा लागतो आणि आपली गती त्याच्या स्वाधीन करावी लागते. पाठ झालेली पावले मग हळूहळू सर्वांची होतात.

लोकनृत्य म्हणून रचलेल्या या नाचाला उपासना म्हणावे काय, असा प्रश्न विचारला जातो. जुना निर्बंध मानणारे त्याला शब्बाथच्या प्रार्थनेत स्थान देणार नाहीत, आणि त्यांच्या भूमिकेमागे मोठी परंपरा आहे. परंतु अनेकजण आज ते प्रार्थनेच्या भावनेने करतात. रिंगणात पहिला नाही आणि शेवटचाही नाही. ज्याला थांबता येते, त्यालाच सर्वांबरोबर पुढे जाता येते. एवढे ज्याच्या पायांना उमगले, त्याच्यापुरता तो प्रश्न सुटलेला असतो.