बोनसचा हिशेब



मागच्या दिवाळीत इंदिरानगरात आमच्या शेजारी नवरा-बायको बोनसची चिठ्ठी समोर ठेवून हिशेब मांडत बसले होते. मुलाची फी, विम्याचा हप्ता, उरलेच तर नवी शेगडी. ते अंबडच्या कारखान्यात कामाला आहेत. कामगाराच्या बोनसला 1965 च्या कायद्याने किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के अशी वेस घातली. अफरातफर किंवा चोरी करून नोकरी गेली, तर बोनसही गेला, हेही त्यातच लिहिले.

आता वरच्या मजल्यावरचा बोनस बघा. येस बँकेच्या 2016-17 च्या हिशेबात न दाखवलेली 6,355 कोटींची थकीत कर्जे रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघाली. म्हणजे नफा कागदावर फुगलेला, आणि साहेबांचा बोनस ठरतो नफ्यावर. माजी प्रमुखांचा जुना बोनस परत घ्यायचे संचालक मंडळाने 2019 मध्ये ठरवले खरे, पण बँक तोवर खचली होती. 5 मार्च 2020 ला निर्बंध आले. खातेदाराला 50,000 रुपयांच्या वर काढता येईनात. स्टेट बँकेने 6,050 कोटी घालून तिला सावरले. स्टेट बँकेची मोठी मालकी सरकारची, म्हणजे तुमची-माझी. ठेवीदार वाचले, हे योग्यच झाले. पण एटी-1 रोखे, म्हणजे बँक बुडू लागली तर रद्द करता येणारे रोखे, घेतलेल्यांचे, त्यांत निवृत्त माणसेही होती, 8,415 कोटी एका फटक्यात शून्य झाले.

अमेरिकेतही 2008 मध्ये एआयजी या विमा कंपनीला सरकारने 85 अब्ज डॉलरचा आधार दिला. पुढच्याच मार्चमध्ये तिथे 16.5 कोटी डॉलरचे बोनस वाटले गेले, आणि लोक खवळले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2019 मध्ये नियम कडक केले. खासगी बँकेच्या प्रमुखाच्या कामगिरीवरच्या वेतनातला किमान 60 टक्के भाग निदान तीन वर्षांत विभागून द्यायचा, खोट निघाली तर रोखायचा. मला तीन वर्षे अपुरी वाटतात. मोठे कर्ज इतक्यात खरा रंग दाखवत नाही. आधी सवलत, मग मुदतवाढ, मग जुने हप्ते भरायला नवे कर्ज, असे ते वर्षानुवर्षे निरोगी दिसत राहते. कर्जाची मुदत संपेपर्यंत बोनस अडकून राहावा. बँक लोकांच्या पैशाने वाचवावी लागली, तर तो आपोआप रद्द व्हावा, मंडळाच्या मर्जीवर सोडू नये.

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या बँकेचा वार्षिक अहवाल मोबाइलवर उतरवून घेतलाय. वरिष्ठांच्या वेतनाचे पान त्यात असते. येत्या रविवारी आम्ही ते एकत्र बसून वाचणार आहोत.