ऑटोसॅम्पलरमधील यांत्रिक दोषांचा शोध
(प्रयोगशाळा तंत्रज्ञांसमोर केलेले भाषण)



नाशिक-सांगलीकडील द्राक्षे युरोपला पाठविण्यापूर्वी त्यांतील औषधांचे अंश तपासावे लागतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून ही निर्यात अडचणीत आली व बागायतदारांना मोठी झळ सोसावी लागली, हे आपणांस ज्ञात आहेच. अशा तपासणीत क्रोमॅटोग्राफी यंत्राला नमुना देण्याचे काम ऑटोसॅम्पलर करतो. एका वेळी तो बहुधा पाच-दहा मायक्रोलिटर द्रव उचलतो. थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा! एवढ्या अल्प मापात हवेचा बुडबुडाही आकडा बदलून टाकतो.

आकडे हेलकावू लागले की पुष्कळजण प्रथम यंत्रच उघडतात. ही घाई मला मान्य नाही. एकच प्रमाण द्रावण एकाच व्हायलमधून सहा वेळा द्यावे. आलेखातील शिखरांची वेळ सरकत असेल, तर दोष बहुधा पंपाकडे असतो. वेळ स्थिर राहून सर्वच शिखरांची क्षेत्रफळे एकदम कमीअधिक होत असतील, तर संशय ऑटोसॅम्पलरवर घ्यावा.

त्यातही पहिली पाहणी व्हायलची. टोपण फार आवळले की सेप्टम विकृत होतो आणि सुई वाकण्याचा संभव वाढतो. काठोकाठ भरलेल्या व्हायलमधून द्रव खेचताना आत दाब घटतो व माप अपुरे भरते. उलट नमुना फारच थोडा असेल, तर सुईचे टोक द्रवापर्यंत पोचत नाही.

वाकलेली सुई हाताने सरळ करू नये, बदलावी. तिची बैठकही पाहावी. झिजलेल्या बैठकीत नवी सुई बसविली तरी गळती कायम राहते.

तीव्र द्रावणानंतर कोरा द्रावक दिला असता मागचेच शिखर उमटले, तर सुई धुण्याचा द्रावक बदलून पाहावा. तरीही उमटल्यास झडपेतील रोटर सीलवर चरे पडले आहेत काय, हे तपासावे. क्षारयुक्त द्रावण रात्रभर यंत्रात राहिले की त्याचे स्फटिक असे चरे पाडतात. सायंकाळी पाण्याने यंत्र धुण्याचा कंटाळा येथे महागात पडतो. निर्दोष बागेच्या नमुन्यात दुसऱ्याच्या बागेतील औषध दिसावे, याहून मोठा अन्याय कोणता?

दुरुस्तीनंतर तीच सहा मापे पुन्हा घ्यावीत. शेवटच्या समाधानकारक चाचणीनंतरचे सर्व नमुने पुन्हा द्यावेत. मात्र टोचलेल्या सेप्टममधून द्रावक उडून जातो, म्हणून मूळ अर्कातून नवी व्हायल भरूनच.