शेवाळावर चुंबक चालतो का?
(म्हसवड येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



माण तालुक्यात पाण्याची किंमत तुम्हाला कोणी सांगायला नको. कष्टाने भरलेल्या शेततळ्यावर हिरवे शेवाळ चढते, ठिबकची गाळणी तुंबते आणि ऐन बहारात डाळिंबाला पाणी कमी पडते. अशा वेळी कोणी म्हणाले, ‘नळीवर हे यंत्र बसवा, विद्युतचुंबकीय क्षेत्राने शेवाळ मरेल’, तर पैसे मोजण्यापूर्वी परीक्षा घ्या.

शेवाळ झाडाप्रमाणेच उन्हात अन्न तयार करते व प्राणवायू सोडते. हे प्रकाशसंश्लेषण होय. श्वसनाला मात्र प्राणवायू रात्रंदिवस लागतो. म्हणूनच दाट शेवाळाच्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात.

बारा सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. यंत्रातून गेलेले तळ्याचे पाणी सहांत भरा. तशाच, पण यंत्र नसलेल्या नळीतून गेलेले उरलेल्या सहांत. दोन्ही पाण्यांतला प्राणवायू मत्स्यशेतीच्या तपासणी संचाने आधी मोजा. प्रत्येक गटातील तीन बाटल्या काळ्या कापडात गुंडाळा. बुडबुडा न ठेवता बुचे लावून सर्व बाटल्या तळ्यात एकाच खोलीवर तीन-चार तास ठेवा आणि पुन्हा मोजा.

समजा, सुरुवातीला प्राणवायू लिटरला ६ मिलिग्रॅम होता. उघड्या बाटलीत तो ८ झाला, झाकलेलीत ५ राहिला. ८ वजा ५, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून ३ मिलिग्रॅम निर्माण झाला. यंत्राच्या गटातही तेवढाच आला, तर यंत्राने प्रकाशसंश्लेषण रोखलेले नाही.

दोन गोष्टी सांभाळा. विजेचे वेटोळे तापते, आणि उष्णतेनेही प्रकाशसंश्लेषण बदलते. म्हणून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे असू द्या. मोजणाऱ्याला कोणती बाटली कोणत्या गटाची हे सांगू नका. प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

समुद्री शेवाळालाही हीच कसोटी लागते. लागवडीसाठी आणलेले कप्पाफायकस हे परदेशी शेवाळ तामिळनाडूतील कुरुसडाई बेटाच्या प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. तिथेही चुंबकाचा दावा असा तोलूनच मान्य करावा.

तोवर शेवाळाचा खुराक तोडा. शेणखताचे व रासायनिक खताचे वाहते पाणी तळ्यात येऊ देऊ नका, जमेल तेवढी सावली करा आणि वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने नियमित धुवा.

यंत्र विकणाऱ्याला एकच विचारा: यंत्र न लावलेली बाटली कुठे आहे?