एकच साप, वेगवेगळी रूपे



आवडीच्या विषयावर चार शब्द बोल, असे संयोजकांनी सांगितले. पोटापाण्यासाठी मी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. आवडीने वाचते ते सापांविषयी.

शाळेच्या नकाशात अंदमान-निकोबार म्हणजे नुसते ठिपके. पण अंदमानात चापड्याची एक जात आहे आणि सुमारे १५० किलोमीटर समुद्रापलीकडे निकोबारात दुसरी. ऑस्ट्रेलियाकडे तर एकाच जातीत फरक दिसतो. माउंट चॅपेल बेटावरचे टायगर स्नेक समुद्रपक्ष्यांची पिल्ले गिळून थोराड होतात; रॉक्सबी बेटावर खायला छोट्या सापसुरळ्या, म्हणून तिथे तेच साप खुजे. येणे-जाणे बंद झाले की प्रत्येक बेट आपला साप आपल्या परीने घडवते. आमच्या कामातही असेच होते. एका प्रोग्रामच्या दोन प्रती दोन ठिकाणी दिल्या आणि दोघांनी आपापले बदल केले, की काही वर्षांनी एकीची दुरुस्ती दुसरीला लागू पडत नाही.

हे फक्त बेटांपुरते नाही. कोकणातले फुरसे जेमतेम फूट-दीड फूट. राजस्थानातले त्याहून बरेच मोठे. विषातही फरक आहे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते. त्यासाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की राजस्थानच्या फुरशावर हे प्रतिविष कमी पडते. दुरुस्ती एका प्रतीसाठी लिहिलेली, साप दुसऱ्या प्रतीचा! म्हणून ठिकठिकाणच्या विषाचा अभ्यास हवा. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली.

याचा अर्थ प्रतिविष निरुपयोगी, असा कोणी घेऊ नका. आज तोच खरा उपाय आहे. आपल्यातले कितीतरी जण रावेर-यावलला केळी, धुळ्याकडे कापूस करतात. रात्रीची लाईट आली की पाणी भरायला जाता. बॅटरी आणि बूट विसरू नका. कोणाला साप चावलाच तर मांत्रिक नको, चिरा देणे नको, करकचून बांधणे नको. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. साप पकडायच्या किंवा मारायच्या नादी लागू नका. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते वीस मिनिटांच्या साध्या चाचणीत कळते. काचेची स्वच्छ, कोरडी नळी तेवढी लागते.

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, सरपंचही आहेत. आपापल्या गावच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष शिल्लक आहे का, एवढे पावसाळ्याआधी प्रत्येकाने विचारले तरी पुष्कळ झाले.