गाठी मारलेली दोरी



तंत्रनिकेतनाच्या स्नेहसंमेलनात मी एका चित्रकाराबद्दल बोलणार आहे. विल्यम हीथ रॉबिन्सन. इंग्रजी साप्ताहिकांच्या वाचकांना या माणसाने चाळीसेक वर्षं हसवलं, आणि तेही यंत्रं काढून!

1872 साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील एका सचित्र साप्ताहिकाचे चित्रकार, थॉमस आणि चार्ल्स हे दोघे भाऊही याच व्यवसायात. विल्यमना मात्र निसर्गचित्रकार व्हायचं होतं. रॉयल अकादमीच्या शाळेत शिकून झाल्यावर ते हॅम्पस्टेड हीथच्या माळावर जाऊन चित्रं रंगवू लागले. ती एका चित्रविक्रेत्याला दाखवली, तर त्याने सरळ दुसरा धंदा बघायला सांगितलं. मग ते पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले. 1902 मध्ये त्यांनी अंकल ल्यूबिनची गोष्ट स्वतः लिहिली आणि स्वतःच चित्रित केली. पक्ष्याने पळवलेल्या बाळाला शोधायला हा काका घरच्या घरी हवाई जहाज काय, पाणबुडी काय, सगळं बनवतो. पुढच्या सगळ्या यंत्रांचं बीज मला त्या पुस्तकात दिसतं.

1904 मध्ये प्रकाशकाचं दिवाळं वाजलं. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं, केलेल्या कामाचे पैसे बुडालेले. घर चालवायचं म्हणून ते विनोदी चित्रं घेऊन साप्ताहिकांकडे गेले. 'टॅटलर', 'स्केच', 'बायस्टँडर' यांच्या पानांवर त्यांची खरी कारकीर्द घडली.

ही चित्रं कशी होती? रात्री छपरावर ओरडणाऱ्या मांजरांवर पाणी उडवणारं एक यंत्र होतं. रेल्वे स्टेशनवर उरलेले शिळे स्कोन पुन्हा विकण्याजोगे करणारं दुसरं. सगळीकडे कप्प्या, चाकं, किटल्या, मेणबत्त्या आणि जागोजागी गाठी मारून जोडलेली दोरी. शेजारी टक्कल पडलेले, गोलमटोल गृहस्थ अतिशय गंभीरपणे काम करताहेत. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

मित्रांनो, या चित्रांत दोरी कुठून निघते, कुठल्या कप्पीवरून जाते, शेवटी काय ओढते, हे बोट फिरवत शोधता येतं. हे यंत्र खरंच चालेल असं क्षणभर वाटतं, म्हणून तर हसू येतं. दोरी मध्येच हवेत संपली असती तर विनोदही तिथेच संपला असता. इतकी विश्वासू रेघ थट्टेच्या चित्रासाठी कशाला, असं कुणी विचारेल. माझं मत उलट आहे. थट्टेलाच ती जास्त लागते.

ही रेघ कमावलेली होती. 1914 साली त्यांनी शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'साठी काढलेली चित्रं बघा. चांदण्यातलं रान त्यांनी नुसत्या काळ्या-पांढऱ्यात उभं केलंय. साप्ताहिकांच्या धबडग्यातही ते स्वतःसाठी जलरंगात निसर्ग रंगवत राहिले. त्या विक्रेत्याचं त्यांनी अर्धंच ऐकलं, याचा मला फार आनंद वाटतो.

पहिल्या महायुद्धात त्यांनी शत्रूच्या युद्धयंत्रांचीही अशीच टर उडवली. आणि दुसऱ्या महायुद्धात एक विलक्षण गोष्ट घडली. 1943 मध्ये ब्लेचली पार्क इथे जर्मन सेनेचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी एक यंत्र बसवलं गेलं. कागदी फितीची दोन लांब वेटोळी त्यात चाकांवरून सुसाट पळायची, मध्येच फाटायची, एकमेकांशी मेळ सुटायचा. ते दिसायचंच असं की तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'हीथ रॉबिन्सन'. त्याच्या उणिवा दूर करायच्या खटपटीतून टॉमी फ्लॉवर्स यांनी 'कोलोसस' बांधला, आणि संगणकाच्या इतिहासात त्याचं स्थान तुम्ही अभ्यासलंच असेल. हे सगळं काम कडेकोट गुप्त होतं. सप्टेंबर 1944 मध्ये हीथ रॉबिन्सन वारले, तेव्हा आपल्या नावाचं यंत्र खरोखर चाललं हे त्यांच्या कानावर गेलं नसणार.

लंडनमधल्या पिनर इथे, जिथे ते काही वर्षं राहिले, 2016 पासून त्यांचं संग्रहालय आहे. तुमच्यापैकी कुणी शिकायला तिकडे गेलं तर एक दिवस त्यासाठी राखून ठेवा. यंत्रं तर बघाच, पण त्यांचे जलरंगही बघा.