टेकवेअरची हौस आणि आमचे पावसाळी मेळावे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, उद्योगधंदा, आरोग्य अशा भारदस्त विषयांवर भाषणे होतात. यंदा आमच्या चिटणिसांनी आम्हास गाठून विचारले, "भर पावसात ते काळे कपडे चढवून तुम्ही दर महिन्याला कोठे जाता, ते एकदा सर्वांना सांगा." प्रश्नात थट्टा होती, हे आम्ही जाणतो. आमच्या घरातही या हौसेकडे कोणी फारशा आदराने पाहत नाही. तरीपण थट्टेने विचारलेल्या प्रश्नालाही सरळ उत्तर देता यावे, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

टेकवेअर या नावाने ओळखला जाणारा पोशाख आपल्यापैकी तरुण मंडळींनी पाहिला असेल. रंग बहुधा काळा, खिसे पुष्कळ, पट्टे आणि बंद त्याहून अधिक. प्रथमदर्शनी तो एखाद्या चित्रपटातील हेराचा वेष वाटतो. परंतु या कपड्यांमागील मूळ कल्पना साधी आहे. गिर्यारोहक, सैनिक, खलाशी यांच्यासाठी जे कापड आणि जी शिवण शोधून काढली गेली, ती शहरात रोज चालणाऱ्या माणसाच्या अंगावर का असू नये? पाऊस शहरातही पडतो, आणि आमच्या मुंबईत तर एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो.

पाणी न शिरणाऱ्या कापडाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये भरून त्याचे पेटंट घेतले. पाणी थांबले, मात्र घामही आतच थांबला. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली संस्थेने व्हेंटाइल नावाचे निव्वळ सुती कापड काढले. त्याचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतील छिद्रे आपोआप बुजवतो. थंड समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांना त्याने थोडा अधिक वेळ जगू दिले. पुढे १९६९ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात बॉब गोर हे टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या पुन्हा पुन्हा तुटत होत्या. शेवटी वैतागून त्यांनी एक कांडी एकदम झटक्याने ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांब झाली आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी अगणित छिद्रे पडली. पाण्याच्या थेंबास ती अतिशय लहान, वाफेच्या कणास मात्र भरपूर मोठी. यातूनच गोर-टेक्सचा पापुद्रा निघाला आणि १९७६ साली त्याच्या वस्तू बाजारात आल्या.

हे कापड शहरात आणणाऱ्यांपैकी दोघांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बोलोन्याचे मास्सिमो ओस्ती हे मूळचे रेखाटनकार. सैनिकांचे आणि कामगारांचे जुने गणवेश त्यांनी हौसेने जमवले, आणि ट्रकवर घालतात तशा ताडपत्रीच्या धर्तीवर कापड घडवून १९८२ साली स्टोन आयलंड या नावाने कपडे काढले. दुसरे कॅनडात वाढलेले एरोल्सन ह्यू. मिकाएला साखेनबाखर यांच्यासह त्यांनी १९९४ साली जर्मनीत अ‍ॅक्रोनिम ही संस्था सुरू केली. लहानपणी कराटे शिकलेल्या या गृहस्थांना साध्या विजारीत लाथ उंचावता येत नाही, ही गोष्ट खटकत असे. म्हणून त्यांच्या विजारींच्या आसनात जादा कळी असते. आपल्या शिंप्यांस कळीचे महत्त्व सांगावयास नको. पण जी गोष्ट आपण अंगरख्याबरोबर विसरलो, ती परक्यांच्या विजारीत पाहून आम्हास थोडी गंमत वाटली, हे कबूल केले पाहिजे. त्याच १९९४ साली जपानच्या कोसुके त्सुमुरा यांनी ४४ खिशांचा एक नायलॉनचा कोट काढला. घर गमावलेल्या माणसाने त्या खिशांत वर्तमानपत्रे कोंबावीत आणि थंडीत ऊब मिळवावी, ही त्यामागील कल्पना. आमच्या मते या साऱ्या इतिहासात त्या कोटाइतका विचारपूर्वक केलेला कोट दुसरा नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. नोकरीस लागल्यावर चौदा महिने पैसे साठवून आम्ही परदेशातून एक जाकीट मागवले. त्याची किंमत आणि वर भरलेली जकात या दोन्ही रकमा आम्ही घरी आजतागायत सांगितलेल्या नाहीत. ते इतके मोलाचे वाटे, की घालवेना. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या टाकून ते लोखंडी कपाटात ठेवले आणि "योग्य दिवसाची" वाट पाहत बसलो. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी पिशवी उघडली, तो आतला लेप चिकट झालेला, जुन्या भिंतीच्या रंगासारखे त्याचे पोपडे निघत होते आणि शिवणींवरील पट्ट्या लोंबत होत्या. आमच्या गल्लीतील शिंप्याने तो कोट उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हे शिवायचं काम नाही. ह्याचं कातडं सोललंय."

यात दोष आमचाच होता. पॉलियुरेथेनचा लेप दमट आणि उष्ण हवेत हळूहळू विघटित होतो. हवेतील ओलावाच त्याच्या साखळ्या तोडतो. समुद्रकाठच्या शहरात बंद पिशवीत कोंडल्यावर तो कपाटात बसल्याबसल्याच संपतो. कोट न घालता जपणे हाच त्याचा नाश करण्याचा मार्ग आहे, हे आम्ही चौदा महिन्यांची शिल्लक देऊन शिकलो.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक सखेद सांगावी लागते. पापुद्र्याच्या कोटातून घामाची वाफ बाहेर जाते, ती आतील आणि बाहेरील बाष्पदाबाच्या फरकामुळे. त्वचा साधारण ३५ अंशांची धरली, तर तेथील दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरांच्या आसपास येतो. ८ अंशांच्या थंड, ओल्या परदेशी हवेत बाहेरचा दाब जेमतेम ७ मिलिमीटर. मुंबईच्या श्रावणात, २८ अंशांच्या ओथंबलेल्या हवेत, तोच २५ च्या घरात जातो. म्हणजे वाफेस बाहेर ढकलणारे बळ ढोबळ हिशेबाने निम्मेच उरते. जो कोट तिकडे अंग कोरडे ठेवतो, तो इकडे पाऊस अडवतो आणि आतून आपल्याच घामाने भिजवतो. अशा वेळी आपल्या कोकणातील इरले आठवते. बांबू आणि पानांचे, खालून मोकळे. वारा हवा तसा खेळतो. घोंगडीची खोळ वाऱ्यापावसाच्या गारठ्यात चांगली, कारण लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प पिऊनही ओली लागत नाही. मात्र पुरती भिजल्यावर तिचे ओझे ज्याने वाहिले त्यासच ठाऊक. जुने तेवढे सोने असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. इरले घालून लोकलमध्ये कोणी शिरून दाखवावे! पण उष्ण पावसाचे शास्त्र इरल्यास ठाऊक होते आणि आमच्या महागड्या कोटास नव्हते, एवढे खरे.

या हौसेतील मंडळींत एक प्रघात आहे. वर्षारंभी प्रत्येकाने आपला संकल्प सांगावयाचा. पूर्वी हे संकल्प बहुधा खरेदीचे असत. अमुक कंपनीचा तमुक कोट, मग त्यासाठी हप्ते, उसनवारी, घरी खोटे बोलणे. हजार युरोंहून अधिक किमतीच्या कोटासाठी कर्ज काढलेला तरुण आम्ही पाहिला आहे, आणि तो कोट घालून त्याला कोठेच जावयाचे नव्हते, हेही पाहिले आहे. अलीकडे आमच्या मंडळींचे संकल्प पालटले. एका परिचारिकेने स्कूटरवर बसल्यावर मांड्या झाकणारा घेर स्वतः शिवावयाचे ठरवले. तिसऱ्या प्रयत्नात तो साधला. एका आरेखकाने शिवणीवर पट्टी चिकटवण्याची विद्या हस्तगत केली आणि आता आम्हा सर्वांच्या कोटांची डागडुजी त्याच्याकडे असते. एकाने बारा महिने काहीही विकत न घेण्याची प्रतिज्ञा केली. ती नवव्या महिन्यात मोडली, आणि तो ते मोकळेपणाने सांगतो. आम्ही स्वतः एक लहान वही ठेवतो. कोणता कपडा किती दिवस अंगावर होता, एवढेच तीत लिहितो. खेदाची गोष्ट अशी, की वहीत सर्वांत पुढे आहे ती एक साधी, स्वस्त विजार.

मेळाव्यांची हकिकत सांगावयाची, तर आरंभीच नामुष्की आहे. पहिल्या मेळाव्यास नऊजणांनी होकार दिला होता. त्या सकाळी धो धो पाऊस पडला आणि दोघेच आले. पावसाच्या कपड्यांचा मेळावा पावसामुळे फसला, ही बातमी आमच्या घरी अद्याप चवीने सांगितली जाते. दुसऱ्या वेळी सहाजण जमले. चर्चगेटहून निघून मरीन ड्राइव्हने चालावयाचे, असा बेत होता. त्या दिवशी मोठी भरती आहे, हे कोणीच पाहिले नव्हते. कठड्यावरून आलेल्या लाटेने आमच्यातील एकाचा कोट, त्यातील पाकीट आणि दूरध्वनी यांची एकदमच परीक्षा घेतली. तेव्हापासून भरतीचे वेळापत्रक पाहिल्यावाचून आम्ही तारीख ठरवत नाही. ओल्या कपड्यांनिशी सहाजणांना बसू देणारे उपाहारगृह शोधणे हेही काम सोपे नाही. अखेर एका इराण्याने दया केली. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावयाचे, आणि एकट्या येणाऱ्या भगिनीस परतीच्या गाडीपर्यंत सोबत द्यावयाची, हे नियम बिनतक्रार मान्य झाले.

चालताना आम्ही सदऱ्याखाली मान, खांदे, पोट येथे टीपकागदाचे तुकडे ठेवतो आणि शेवटी ते काढून पाहतो. गाजलेल्या कोटांची फजिती येथे होते. कोटांवर २०,००० मिलिमीटर असा आकडा असतो. तो पाण्याचा किती उंच स्तंभ कापड पेलते याचा असतो. एका नव्या सभासदाने मात्र हिशेब केला, की वर्षाचा पाऊस २,००० मिलिमीटर, म्हणजे हा कोट बरोबर दहा पावसाळे टिकेल! आम्ही हसलो, तोही हसला. कोट वारंवार धुवावा, सौम्य ऊब द्यावी, म्हणजे वरचे पाणी पुन्हा घरंगळू लागते, हे ज्ञानही येथेच मिळाले. हे पाणी घरंगळवणारे जुने फ्लोरिनयुक्त लेप निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ च्या आरंभापासून कपड्यांत त्यांस बंदी केली; अतिपावसातील खास कपड्यांस तेवढी २०२८ पर्यंत मुदत आहे. नवे लेप तुलनेने लवकर दमतात. तेव्हा धुण्यास पर्याय नाही.

आता जे सांगावयाचे, ते सांगताना संकोच वाटतो. तिसऱ्या मेळाव्यास एक मुलगा दोन गाड्या बदलून लांबून आला होता. मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोहोचवणे हा त्याचा व्यवसाय. अंगावर कामाचाच रेनकोट, कोपरावर चिकटपट्टी लावलेला. आमच्यातील एकाने हसत विचारले, "हा कुठला ब्रँड?" दोघे-तिघे हसले. आम्हीही तेथेच होतो. हसलो नाही, पण बोललोही नाही. मुलाने तक्रार केली नाही. चहा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत तो सहज एवढेच म्हणाला, की पाणी शिवणीतून येत नाही. बसल्यावर मांडीत तळे साचते आणि चेनमधून झिरपते, आणि मानेवरून आलेली धार पाठीच्या कण्याने थेट कमरेपर्यंत जाते. दिवसाचे दहा तास पावसात काढणारा तो एकटाच आमच्यात होता. चहा न घेताच, गाडीची वेळ झाली म्हणून तो गेला. त्या दिवशी आम्ही टीपकागद मांडीत ठेवून पाहिला. तो म्हणाला तसेच होते. स्कूटरचा तो घेर शिवला गेला, तो याच माहितीवर.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. पहिला तासभर कंपनीचे नाव आणि किंमत कोणी उच्चारावयाची नाही. प्रत्येकाने या आठवड्यात आपण कोठे आणि कसे भिजलो, एवढेच सांगावयाचे. कपडा कोणताही चालतो. गेल्या खेपेस एक काका छत्री आणि धोतर अशा थाटात आले आणि टीपकागदाच्या परीक्षेत त्यांचा खांदा सर्वांहून कोरडा निघाला. धोतराविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.

त्या मुलास आम्ही दोनदा निरोप धाडला. पहिल्या वेळी त्याने कामावर आहे, असे नम्रपणे कळवले. येत्या आषाढातील मेळावा रविवारी सकाळी सात वाजता, चर्चगेट स्थानकाच्या घड्याळाखाली आहे. भरती दुपारनंतरची पाहूनच दिवस धरला आहे. त्याचा व्यवसाय ध्यानात घेऊन वेळ मुद्दाम सकाळची ठेवली आणि तसे त्यास कळवले. उत्तर अद्याप आलेले नाही.